म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन झालंय? मग दुखण्याची आणेवारी रोज काढा

भिवंडी (ग्रामीण वार्ताहर) :

आपल्या तालुक्यात आता प्रत्येक पाड्यात, प्रत्येक आळीत एक तरी म्हातारं माणूस ऑपरेशन करून आलेलं असतं. कुणाचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून, कुणाचा हर्निया, कुणाची पित्ताची पिशवी, कुणाचं प्रोस्टेट, कुणाचा गुडघा. ऑपरेशन कुठे करायचं, खर्च किती, कार्ड चालतं का, हे सगळे विचारतात. पण ऑपरेशननंतर जे दुखतं त्याचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. ‘ऑपरेशन म्हटलं की दुखणारच’ एवढं बोलून विषय संपतो.

मीही तसाच होतो. दोन वर्षांपूर्वी भात लावणीच्या दिवसांत आई अंगणात शेवाळावरून घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘आई, दुखतंय का?’ तर म्हणाली, ‘काय नाय रे, बरा हाय.’ आम्ही खूश. ती दिवसभर एका कुशीवर, डोळे मिटून, न हलता पडून होती. आम्हाला वाटलं झोपलीय. तिसऱ्या दिवशी ताप आला, छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, ‘दुखतंय म्हणून त्या खोल श्वासच घेत नव्हत्या, खोकतही नव्हत्या.’ आई का बोलली नाही? तर पोरांना लावणी सोडून यावं लागलंय, त्यात आणखी औषधाचा खर्च नको म्हणून. चूक तिची नव्हती, आमची होती. आम्ही विचारलं, पण नीट विचारलं नाही. ती बरी झाली, आता काठी घेऊन देवळापर्यंत जाते. पण तेव्हा शिकलो ते सगळ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट मंडळींना विचारून हा लेख लिहितोय. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

दुखणं सहन करणं म्हणजे शौर्य नाही

तरुण माणूस दुखणं चार दिवस सोसून नेतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते सोसणं महागात पडतं. कारण असं :

- पोटावर किंवा छातीवर टाके असले की श्वास घेताना दुखतं. माणूस वरच्यावर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो.
- दुखतं म्हणून हालचाल बंद होते. पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते. ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं.
- अंथरुणात पडून पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. स्नायू भराभर वाळतात. आठवडाभर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा चालतं करायला महिनेही लागतात.
- झोप लागत नाही, जेवण जात नाही, रक्तदाब आणि साखर वाढते.
- दुखण्यानेच डोकं भ्रमिष्टासारखं होऊ शकतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

म्हणजे दुखणं कमी करायचं ते नुसतं बरं वाटावं म्हणून नाही. माणूस खोकला पाहिजे, उठून बसला पाहिजे, चालला पाहिजे, म्हणून.

आणेवारी कशी काढायची?

दवाखान्यात विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ आपल्या आजी-आजोबांना ते कळत नाही. पण आणे त्यांना कळतात. म्हणून मी आईला विचारायला लागलो, ‘रुपयात किती आणे दुखतंय?’ सोळा आणे म्हणजे सहनच होत नाही, आणि शून्य म्हणजे काहीच नाही. पीक बघायला तलाठी येतो तसं दिवसातून चार वेळा बघायचं आणि वहीत लिहायचं.

दोन वेळचं वेगळं विचारा : पडून असताना किती, आणि हलताना-खोकताना किती. पडून असताना सगळ्यांनाच कमी दुखतं. खरं कळतं ते हलताना.

पिकाची आणेवारी ५० पैशांच्या आत गेली की आपण टंचाई टंचाई म्हणून ओरडतो. इथे उलटं आहे. दुखणं आठ आण्यांच्या वर गेलं, किंवा दुखण्यामुळे खोकता-बसता येईना, की नर्सला किंवा डॉक्टरला सांगायचं. गोळी घेतल्यावर तासाभराने परत विचारायचं. आकडा उतरला नाही तर तेही सांगायचं.

काही माणसं बोलत नाहीत किंवा बोलू शकत नाहीत. विस्मरणाचा आजार असलेली, लकवा झालेली. भिवंडीत तर आयुष्यभर यंत्रमागावर काम करून कान गेलेले कितीतरी आजोबा आहेत. त्यांना प्रश्न ऐकूच जात नाही, नुसती मान हलवतात. अशांचा चेहरा बघा. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, कण्हणं, एका जागेला हात लावू न देणं, जेवणाला नाही म्हणणं, चिडणं किंवा एकदम गप्प होणं, ही सगळी दुखण्याची भाषा आहे.

ऑपरेशनच्या आधीच हे बोलून घ्या

दुखण्याचा बंदोबस्त भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या हातात असतो. ऑपरेशनच्या आधी ते तपासायला येतात तेव्हा घरातलं एक माणूस तिथे हजर पाहिजे. त्यांना हे सांगा :

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. नावं पाठ नसतील तर पिशवीच घेऊन जा. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी, झोपेची, आयुर्वेदिक, सगळीच.
- किडनी, लिव्हर, दमा, ॲसिडिटी किंवा पोटातला अल्सर, हृदयाचा त्रास, फिट येणं.
- आधी कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं, उलट्या झाल्या, चक्कर आली का.
- दारू, ताडी, तंबाखू, मशेरी. लाजू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर ऑपरेशननंतर हातपाय थरथरणं, भास होणं सुरू होतं. डॉक्टरांना माहीत असेल तर ते आधीच तयारी ठेवतात.

आणि हे विचारा : ‘फक्त त्या जागेची नस बधिर करून दुखणं कमी करता येईल का?’ खुबा, गुडघा, खांदा अशा बऱ्याच ऑपरेशनमध्ये नसेजवळ किंवा पाठीच्या मणक्याजवळ औषध देऊन काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत आराम देता येतो. त्यामुळे गुंगी आणणारी औषधं कमी लागतात. म्हाताऱ्या माणसासाठी ते चांगलं. सगळीकडे ही सोय नसते, सगळ्यांना ती चालतही नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. खुबा मोडलेला असेल तर ऑपरेशनच्या आधीपासूनच दुखण्यावर उपचार हवा.

एक लक्षात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि आपल्या मनाने चालूही करायची नाही.

कुठली गोळी काय करते

हे माहितीसाठी आहे, गोळ्या ठरवायच्या डॉक्टरांनी.

पॅरासिटामॉल : म्हाताऱ्या माणसासाठी हा पाया. पोटाला आणि किडनीला त्यातल्या त्यात सुरक्षित. दुखणं चढल्यावर घेण्यापेक्षा पहिले काही दिवस घड्याळाप्रमाणे घेतलेली जास्त उपयोगी पडते. ६५० मिलिग्रॅमची गोळी असेल तर डॉक्टर साधारण सहा-सहा तासांनी, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त चार सांगतात. वय झालेल्या माणसाला २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून कमी. फसगत कुठे होते? सर्दी-तापाच्या गोळ्यांत आणि जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या, पण आत औषध एकच. पाकिटावर औषधाचं मूळ नाव वाचा, नाहीतर मेडिकलवाल्याला विचारा.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे : आपल्याकडे ‘दुखण्याची गोळी’ म्हणून सर्रास मागितली जाते ती हीच. काम करते, पण म्हाताऱ्या शरीरात धोका जास्त. पोटात अल्सर होऊन रक्तस्राव, किडनीवर ताण, बीपी वाढणं, अंगावर सूज. बीपीच्या काही गोळ्या, त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही गोळी, असे तिन्ही एकत्र आले तर किडनी बसू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेतकऱ्यांना एक गोष्ट आठवत असेल. आधी आपल्या रानावर गिधाडं घिरट्या घालायची, ती दिसेनाशी झाली. ज्या गुरांना डायक्लोफिनॅक दिलं होतं, त्यांचं मढं खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचं ते औषध सरकारने बंद केलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, माणसांत हे औषध अजून वापरतात. पण डॉक्टरांनी किडनीची तपासणी बघून, थोड्या दिवसांसाठी लिहून दिलं तरच. चिठ्ठीतले दिवस संपले की बंद.

ट्रामाडॉल आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं : जोरदार दुखण्यासाठी. नाव ऐकून घाबरू नका. ऑपरेशननंतर थोडे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत घेतल्याने सहसा कुणी व्यसनी होत नाही. पण म्हाताऱ्याला कमी डोसपासून सुरू करतात, कारण गुंगी, चक्कर, मळमळ, बद्धकोष्ठ आणि भ्रम होऊ शकतो. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला द्यायच्या नाहीत. सोबत दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. फिटचा आजार असेल किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. कातडीवर चिकटवायची पट्टी दिली असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने औषध एकदम अंगात जातं.

अशी गोळी चालू झाली की पोट साफ राहण्याचं औषधही त्याच दिवशी विचारून घ्या. आमच्या आईला टाक्यांपेक्षा जास्त त्रास पाच दिवस न झालेल्या संडासने दिला.

गोळीशिवायचे उपाय

- खोकताना उशी : पोटावर टाके असतील तर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी टाक्यांवर दाबून धरायची आणि मग खोकायचं. दुखणं बरंच कमी होतं.
- खोल श्वास : जागेपणी दर तासाला दहा. तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकायचं नाही, आत ओढायचं. निम्मे लोक उलटं करतात.
- उठायची रीत : सरळ उताणं उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने बसायचं. खुब्याचं ऑपरेशन असेल तर कसं वळायचं हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच.
- आधी गोळी, मग व्यायाम : फिजिओथेरपी किंवा चालणं यांच्या अर्धा-एक तास आधी दुखण्याची गोळी येईल असं वेळापत्रक डॉक्टरांकडून करून घ्या.
- बर्फ : गुडघा किंवा हाडाच्या ऑपरेशननंतर सुजेवर, डॉक्टर हो म्हणाले तर, फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं. थेट कातडीवर नाही. जखम ओली होऊ द्यायची नाही.
- दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं. हळूहळू चाललं की उतरतं. पण सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर वायू समजून बसू नका.
- खाणं : वांगं, बटाटा, आंबट खाल्लं की जखम पिकते म्हणून म्हाताऱ्याला नुसती पेज देऊन ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात. डॉक्टरांनी जेवायला परवानगी दिली की डाळ, अंडं, मासे, दूध द्या. मशेरी-तंबाखूने जखम उशिरा भरते.

घरी आणताना

आपल्या रस्त्यांबद्दल वेगळं काय सांगायचं. अंजूरफाट्याच्या गर्दीत तास जातो आणि वाडा रोडचे खड्डे टाक्यांना कळतात. म्हणून घरी सोडायच्या दिवशी निघण्याआधी तासभर दुखण्याची ठरलेली गोळी दिली आहे ना बघा. रिक्षापेक्षा मोठी गाडी, पुढची सीट मागे झुकवलेली, पाठीला आणि पोटाला उशी. निघण्याआधी डिस्चार्ज कार्डवर हे लिहून घ्या : कुठली गोळी, किती वाजता, किती दिवस, आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा.

घरी गोधडी जमिनीवर नको, खाट किंवा पलंग हवा. संडासला जायच्या वाटेवर दिवा, कमोडची खुर्ची, ओली फरशी पुसलेली. गुंगीच्या गोळीवर असलेलं माणूस रात्री एकटं उठलं आणि पडलं तर दुसरा खुबा जातो.

एकदम बरळायला लागलं तर

हे सगळ्यात जास्त घाबरवतं. आमची आई दुसऱ्या रात्री वारलेल्या वडिलांशी बोलायला लागली, सलाईन ओढायला लागली, ‘गाय सुटली, धरा’ म्हणून ओरडली. नातेवाईक म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे, भगताकडून अंगारा आणा. नर्सने येऊन ओटीपोट चाचपलं. लघवी तुंबली होती, आणि रात्रीची दुखण्याची गोळी आईने न गिळता गालात धरून थुंकली होती. दोन्ही गोष्टी मार्गी लागल्या, त्यानंतर दोन दिवसांत आई मूळपदावर आली.

म्हाताऱ्या माणसांत ऑपरेशननंतर असा भ्रम पुष्कळांना होतो. हे वेड नाही, बाधा नाही. न सांभाळलेलं दुखणं, औषधांचा परिणाम, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पाणी किंवा सोडियम कमी होणं, झोपमोड, अशी त्याची कारणं असतात आणि ती शोधावी लागतात. लगेच डॉक्टरांना सांगा. ओळखीचं एक माणूस जवळ ठेवा. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी परत द्या. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि शांतता. हातपाय बांधू नका, वाद घालू नका.

हे करू नका

- ताज्या जखमेवर हळद, चुना, शेण, झाडपाला, बाम नको.
- पोटरी सुजून दुखत असेल तर मालिश अजिबात नको. आत रक्ताची गाठ असू शकते.
- वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडात अंग दुखतं म्हणून जायची आपली जुनी पद्धत. पण जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुंडात उतरायचं नाही. सगळ्यांच्या वापरातलं पाणी, जखमेत जंतू जातात.
- शेजारच्या काकांना लागू पडलेली गोळी आपल्या बाबांना नको.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

१. कमी होत आलेलं दुखणं एकदम वाढलं.
२. जखम लाल, गरम, सुजलेली, पू किंवा वास, किंवा ताप-थंडी.
३. एकच पोटरी सुजली, दुखते.
४. दम लागला, छातीत दुखलं.
५. सहा-आठ तास लघवी नाही.
६. पोट फुगलं, उलट्या, वारा सरत नाही.
७. डांबरासारखी काळी संडास किंवा रक्ताची उलटी.
८. हाक मारून जाग येत नाही, श्वास अगदी हळू चाललाय.
९. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा जोरात दुखतो, लाल झाला, नजर कमी झाली. मोतीबिंदूनंतर फार दुखायलाच नको. दुखलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

४ आणि ८ साठी थेट १०८ ला फोन.

दुखणं किती दिवस चालतं? बहुतेकांना पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग रोज थोडं उतरतं. गुडघा बदललेल्यांना काही आठवडे ते महिनेही लागतात. पण तीन महिन्यांनंतरही जळजळ, मुंग्या, चमक राहिली तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात.

कुठे विचारायचं

भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या उपचारासाठी आपली माणसं कळव्याला, ठाण्याला आणि मुंबईला जातात. पण ऑपरेशन कुठेही झालेलं असो, घरी आल्यावर साध्या शंकेसाठी गावची आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे. मोबाईलवर ई-संजीवनीतून डॉक्टरांशी फुकट बोलता येतं. आरोग्य सल्ल्यासाठी १०४, ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७. वय ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात आणि घरी सोडल्यानंतरची पंधरा दिवसांची औषधंही त्यात धरलेली आहेत. चौकशीला १४५५५. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला औषधांचं आवर्जून विचारा.

शेवटी एकच. आपली म्हातारी माणसं भूक लागली तरी ‘पोट भरलंय’ म्हणतात आणि दुखलं तरी ‘बरं आहे’ म्हणतात. आयुष्यभर तेच करत आली आहेत. त्यामुळे ‘दुखतंय का?’ असं दारातून विचारून पुढे जाऊ नका. खाटेवर बसा, हात हातात घ्या आणि विचारा, ‘खरं सांग, किती आणे?’